नेपाळला जरूर जा, पण एक दिवस राखून

(शिक्षक-पालकांच्या सभेत केलेले भाषण)



दिवाळीच्या सुट्टीत नेपाळची सहल काढावी असा विचार आपल्यापैकी काही शिक्षकांच्या मनात आहे. मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवले आणि एकदा शिक्षकांचा गट घेऊन तिकडे गेलोही. त्यामुळे या विषयावर मी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. हिमालयाचे वर्णन करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ते आपण डोळ्यांनी पाहालच. जाण्यापूर्वी घरी बसून काय ठरवावे एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम कागदपत्रे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, म्हणून पुष्कळ लोक बेफिकीर राहतात. ओळखीचा पुरावा मात्र लागतोच. प्रौढ माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे. आधार कार्डावर जग चालते अशी आपली समजूत झाली आहे, पण विमानाने जाणाऱ्या प्रौढाला तेवढे पुरत नाही. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टीच्या पुढची वडीलधारी मंडळी यांना फोटो असलेले इतर ओळखपत्र चालते. पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. तेव्हा हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर महिनाभर आधी उरकून घ्या.

दुसरी गोष्ट पैशांची. १९९३ सालापासून भारतीय रुपयाचा भाव १ रुपया ६० पैसे नेपाळी असा ठरलेला आहे. म्हणजे आपले शंभर रुपये तिकडचे एकशे साठ होतात. दुकानदाराने किंमत सांगितली की 'आयसी की एनसी?' असे विचारायची सवय लावून घ्या. आयसी म्हणजे भारतीय आणि एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे पुष्कळांचा हिशेब चुकतो. २०१८ साली नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती आणि मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात हे उत्तम.

तिसरा प्रश्न, केव्हा जावे? ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ, त्यानंतर मार्च ते मे. पावसाळ्यात घाटरस्ते धोक्याचे असतात. १२ जुलै २०२४ रोजी नारायणगढ ते मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. ही दुर्घटना पहाटेच्या अंधारात घडली. म्हणून ऋतू कोणताही असो, डोंगरातला प्रवास दिवसाउजेडी करा. दसऱ्याच्या सुमारास तिकडे दशैंचा मोठा सण असतो. सारा देश गावी निघतो आणि बसमध्ये जागा मिळत नाही. ते दिवस टाळावेत.

आता मार्ग. मुंबईहून गोरखपूर रेल्वेने साधारण दीड दिवसाचे अंतर आहे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, ती तारीख वहीत लिहून ठेवा. गोरखपूरहून बसने सुमारे तीन तासांत सोनौलीची सरहद्द येते. पलीकडे भैरहवा, आणि तेथून जवळच गौतम बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी. लुंबिनी पाहून पोखरा गाठावे. तिकडे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते आणि शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात, हेही ध्यानात असू द्या.

येथपर्यंतचे सारे कोणीही सांगेल. खरा मुद्दा याच्या पुढे आहे.

काठमांडू साधारण आपल्या महाबळेश्वराइतके उंच आहे. पोखरा तर त्याहून कमी, सुमारे ८२० मीटर. तेथे कोणालाही त्रास होत नाही. पण पोखऱ्याहून काली गंडकीच्या खोऱ्याने वर गेले की मार्फा सुमारे २६७० मीटर, जोमसोम सुमारे २७२० आणि मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. मुक्तिनाथला प्रत्येक श्वासातला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश असतो. हे स्थान हिंदू आणि बौद्ध दोघांनाही पवित्र. भूगोलाच्या शिक्षकाला तेथे आणखी एक आकर्षण असते. ज्यांना शालिग्राम म्हणतात त्या दगडांत प्राचीन सागरी जीवांचे अवशेष असतात. हिमालयाच्या जागी एकेकाळी समुद्र होता याचा पुरावा तेथे हातात धरून पाहता येतो.

त्याच ओढीने २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात शिक्षक गेलो. आखणी माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. एक दिवससुद्धा वाया जाणार नव्हता! सकाळी पोखऱ्याहून जीपने निघालो आणि रात्री मुक्तिनाथच्या पायथ्याशी राणीपौवा येथे मुक्काम केला. एका दिवसात जवळजवळ तीन हजार मीटर चढलो. परतीच्या गाडीचे आरक्षण असे होते की दुसऱ्या दिवशी दर्शनीय स्थळे पाहून लगेच उतरायचे.

रात्री आमचे एक सहशिक्षक जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. मध्यरात्री त्यांना उलट्या झाल्या. पहाटे बाहेर जाण्यासाठी उठले ते दारूडा माणूस चालावा तसे भिंतीला धरून चालू लागले. या गृहस्थांनी आयुष्यात विडीलाही हात लावलेला नव्हता. ते पाहून माझ्या पायांखालची जमीन सरकली. वर्गात विरळ हवेचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला होता. तो धडा त्या क्षणी समोर उभा होता. अंधारातच जीपवाल्याला उठवले आणि त्यांना घेऊन मार्फ्याला, म्हणजे हजारभर मीटर खाली उतरलो. दुपारपर्यंत त्यांचे डोके हलके झाले आणि त्यांनी चहा मागितला. त्या चहाइतका आनंद मला कोणत्याही शिखराने दिलेला नाही.

त्यांना तेथेच एक दिवस विश्रांती दिली. आमची गाडी चुकली. गोरखपूरहून विनाआरक्षण डब्यात, सामानावर बसून परतलो. वाटेत मी त्यांना विचारले, "भाईसाहेब, डोके केव्हापासून दुखत होते?" ते म्हणाले, "आदल्या दुपारपासून. पण गुरुजी, तुमच्या बेतात थांबायला जागाच नव्हती. माझ्यापायी सर्वांचे पैसे बुडतील म्हणून बोललो नाही."

मित्रहो, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. दोष पर्वताचा नव्हता, त्यांचाही नव्हता. ज्या बेतात आजारी माणसाला 'मी आजारी आहे' असे म्हणायची सोय नाही, तो बेतच चुकीचा. त्या दिवशी थोडा उशीर झाला असता तर त्यांच्या मुलाबाळांपुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

म्हणून माझे सांगणे असे. मुक्तिनाथला जायचे असेल तर पोखऱ्याहून पहिला मुक्काम तातोपानी किंवा घासा येथे, दुसरा मार्फ्याला करा. तिसऱ्या दिवशी वर जाऊन, पाहून, झोपायला पुन्हा मार्फ्याला या. दिवसा उंच चढावे, रात्री खाली झोपावे, हा डोंगराचा साधा नियम आहे. आणखी उंच मुक्काम करायचा असल्यास तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारपूर्वीच जोराचा वारा सुटतो. जोमसोमची विमाने त्यामुळेच सकाळी उडतात, आणि हवा बिघडली की रद्द होतात. विमानाने जाणाऱ्यानेही हाती वेळ ठेवावा.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर ही पहिली लक्षणे. ती दिसली की आणखी वर चढू नये. माणूस सरळ रेषेत पाऊल टाकू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धापा टाकत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे. उतरणे हेच पहिले औषध. हृदयाचा, रक्तदाबाचा वा दम्याचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. गटप्रमुखाने रोज संध्याकाळी प्रत्येकाला एकेकटे गाठून प्रकृती विचारावी. सर्वांसमोर विचारले तर सगळेच 'ठीक आहे' म्हणतात.

आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परतीच्या आरक्षणापूर्वी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्याचा खर्च वर्गणीतच धरा आणि निघण्यापूर्वी सर्वांना स्पष्ट सांगा की हा दिवस आजारी पडणाऱ्याचा आहे. कोणी आजारी पडले नाही, तर तो दिवस पोखऱ्याच्या फेवा तलावाकाठी आनंदात घालवा. तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

पालकहो, आपण आपली मुले आमच्या स्वाधीन करता. सहलीच्या पत्रकात आपण स्थळांची यादी वाचता. यापुढे तीत मोकळा दिवस कोठे आहे हेही विचारा. जो शिक्षक तो दाखवू शकेल, त्याच्याबरोबर मूल निर्धास्त पाठवा.