आभासी विद्यापीठ आणि स्वाध्याय



२००३ मध्ये अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ हे संगणकावरील आभासी जग खुले झाले. अनेक विद्यापीठांनी तेथे ‘बेटे’ घेऊन सभागृहे उभारली. परंतु तास संपताच त्यांतील कित्येक ओस पडत. इमारतीच्या प्रतिकृतीने विद्या येत नाही. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये प्रसृत केलेल्या ‘मूडल’ प्रणालीत असे सभागृह नाही. पाठ, चर्चा आणि परस्परांच्या कार्याचे परीक्षण यांना मात्र स्थान आहे. ती आजही जगभर वापरात आहे.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचावे, शंका विचारावी, चिंतन करावे, उजळणी करावी आणि इतरांस सांगावे. आभासी वर्गाच्या रचनाकारासही हीच कसोटी लागू पडते. ध्वनिचित्रफितींचा केवळ संग्रह म्हणजे नुसती वाचना होय. खेड्यातील विद्यार्थिनीची शंका ऐकणारे पलीकडे कोणी नसेल, तर तिच्यापर्यंत चित्र पोहोचते, विद्या नव्हे. जैन बोर्डिंगमध्ये मोठा विद्यार्थी धाकट्याची शंका फेडीत असे. तो मोठा भाऊ पडद्यामागेही असला पाहिजे. खरे ज्ञानदान तेच होय.

जय जिनेंद्र.