आत्याला विचारा
(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘वाचनालय आणि स्थानिक इतिहास’. आता पनवेलचं बंदर, १८५२ची नगरपालिका, १८७२चा धूतपापेश्वर कारखाना, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके हे सगळं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यावर वेळ घालवत नाही. मी एकच मागणी घेऊन आलोय. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात तालुक्यातल्या घराण्यांच्या वंशावळींचं एक कपाट असावं, आणि त्या वंशावळींत बायकांची नावं असावीत.

आपण वंशावळ काढतो ती गरज पडली की. मुलाला जातवैधता हवी असते. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचं कोतवाल बुक, जुने फेरफार अशी धावाधाव सुरू होते. हाती आलेला कागद मोडीत असतो आणि घरात मोडी कुणाला येत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळली. आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ आहे. पनवेल तालुका १८८३पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर कुलाब्यात आला आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१मध्ये. पणजोबांचा कागद अलिबागेत सापडला नाही म्हणून निराश होऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ठाण्याचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं. वाचनालयातल्या माणसाने एवढं जरी सांगितलं तरी केवढं काम होईल!

आणि साडेबारा टक्के! (हशा) हसलात, म्हणजे घरोघरी फाईल आहे. सिडकोने ९५ गावांची जमीन घेतली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले, आणि भूखंडासाठी वारस लागले. या तालुक्यातल्या जितक्या घरांनी वंशावळ लिहून काढली, तितकी क्वचितच कुठल्या तालुक्यात लिहिली गेली असेल. पण ती स्टॅम्पपेपरवर लिहिली, कचेरीत दिली आणि तिथेच राहिली. नातवंडांना वाचायला ती कुठेच नाही.

काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. पुढच्या रांगेतल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, म्हणून लगेच सांगतो, त्या ग्रंथांबद्दल मला मनापासून आदर आहे. पदरमोड करून, गावोगाव पत्रं पाठवून लोकांनी ते सिद्ध केले. पण आगरी, कराडी, कोळी, कातकरी घरांचं काय? त्यांचे पूर्वज दुसऱ्याच्या वहीत भेटतात. खोताच्या वहीत कूळ म्हणून, सावकाराच्या वहीत कर्जदार म्हणून. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप चालवला. त्या संपकऱ्यांच्या घरच्या वंशावळी कुठल्या वाचनालयात मिळतील?

इथे एक हकीकत सांगतो. नवी मुंबई विमानतळात ज्यांचं गाव गेलं असे एक गृहस्थ कागद घेऊन आले. जुन्या नोंदीत आडनाव नाही, नुसतं ‘जोमा बिन पोशा’. आणि त्या गावात जोमा बिन पोशा दोन! आपला कुठला? भावकीने दोन वर्षं वाद घातला. मी विचारलं, घरात वडीलधारं कोण आहे? म्हणाले, कुणी नाही, एक आत्या आहे, पण ती उरणकडे दिलेली. जणू काही दिलेली म्हणजे मेलेली! आम्ही आत्याकडे गेलो. ऐंशी उलटलेल्या. मासळी निवडता निवडता त्यांनी विचारलं, “कुठला जोमा? आमच्या जोमाची बायको चिरनेरची होती. तिचं नाव काशी. दुसऱ्या जोमाची बायको खारपाड्याची.” परत येऊन फेरफार उघडले. जोमा मयत, वारस म्हणून विधवेचं नाव लागलेलं, काशी. संपला वाद! माणसाचं नाव, बापाचं नाव सारखं होतं, गाव एकच होतं. माणूस ओळखू आला तो बायकोच्या नावावरून.

पण आत्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शेताला भरतीचं पाणी लागू नये म्हणून घातलेले बांध, कुठला बांध कुणाच्या पाळीचा, मिठागरावर कोण कामाला जायचं, उलव्याची टेकडी कुठून कशी दिसायची, हे सगळं त्या सांगत गेल्या. ती नव्वदएक मीटरची टेकडी विमानतळासाठी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. नकाशावर ते शेत आता नाही. शेताचं नाव आत्यांच्या तोंडी आहे, आणि त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे! मी हे एका दमात बोलतोय, कारण याची मला खरोखर घाई झाली आहे. निघताना भाच्याने वंशावळीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचून घेतला आणि विचारलं, “यात मी कुठं?” कागदावर त्या नव्हत्या. त्यांच्या दोघी बहिणीही नव्हत्या.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मग इथल्या ज्यू समाजाबद्दल, बेने इस्रायलांबद्दल, थोडक्यात. आपल्या इस्राइल तळ्याच्या गावात बेथ एल सिनेगॉग १८४९पासून उभं आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावंच त्यांच्या गावांचा पत्ता सांगतात. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७मध्ये लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित जपलं गेलं म्हणून तो आज वाचता येतो. इस्रायलमध्ये वाढलेला नातू आजीचं घर शोधत पनवेलला उतरला, तर त्याने कुणाचं दार ठोठवायचं? वाचनालयाचं, असं उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे.

आता आक्षेप. यातून भांडणं लागतील, कोर्टकचेऱ्या होतील, असं मला मघाशी चहाच्या वेळीच सांगण्यात आलं. अहो, हक्क ठरवायला तहसील आहे, कोर्ट आहे. वाचनालयातल्या वहीने कुणाला गुंठाभर जमीन मिळत नाही. हयात माणसांची पानं बंद ठेवा, गेलेल्यांची उघडी ठेवा. पण मनातलं उघड बोलतो. मुलींची नावं गाळली की वाटणी सोपी होते, म्हणून ती गाळली जातात. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव सरकारने आणलं. त्याआधी होऊन गेलेल्या आयांची नावं कुणी लिहायची? लग्नात नाव बदललेली बाई दोन्ही घरांच्या कागदांतून निसटते. म्हणून वहीत दोन रकाने हवेत, माहेरचं नाव आणि गाव, सासरचं नाव आणि गाव.

दुसरी चिठ्ठी. खर्च फार नाही. जाड कागदाची वही, आवाज टिपायला फोन, आठवड्यातली एक दुपार आणि मोडी शिकायला तयार असलेली कॉलेजची दोन मुलं. कपाट माझ्याकडून. (टाळ्या) टाळ्या नकोत, कार्यकारिणीचे सदस्य समोर बसले आहेत, त्यांनी आज उठण्याआधी कपाटाची जागा सांगावी. प्रश्नांना पाच मिनिटं आहेत असं अध्यक्ष म्हणतात. मागच्या रांगेतल्या त्या ताईंनी केव्हाचा हात वर केलाय, आधी त्यांना माईक द्या.