देवळाचा कळस आणि शाळेचा फळा

(भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. कोणी रोख रक्कम देतो, कोणी वाळू-खडीची खेप टाकतो, कोणी चार दिवस अंगमेहनत करतो. घरोघरच्या माऊल्या कामकऱ्यांना भाकरी-कालवण पोहोचवितात. नोकरी-धंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेला माणूससुद्धा गावचे पावतीपुस्तक समोर आले म्हणजे खिशात हात घालतो. म्हणूनच जेव्हा कळस चढतो तेव्हा तो कोणा एकाच्या नावाचा राहत नाही. तो साऱ्या गावाचा होतो. "गाव करी ते राव न करी" ही म्हण अशाच कामांवरून पडली आहे.

अशा मंगल प्रसंगी शाळेचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण देऊळ आणि शाळा यांचे नाते आजचे नाही. गावोगावी स्वतंत्र इमारती होण्यापूर्वी शाळा भरत ती देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा चावडीवरच. अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी पहिली बाराखडी देवाच्या सावलीतच गिरविली. ज्या ओवरीने शाळेला आसरा दिला, त्या ओवरीच्या नूतनीकरणाच्या वेळी शाळेची आठवण व्हावी, यात वावगे काही नाही.

लोकांच्या पाठिंब्यावर शाळा कशी उभी राहते, याचे आपल्या मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज येथे झाला. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता त्यांना कुणब्याच्या घरचे अज्ञान दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी संस्थेची स्थापना केली. १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे "श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस" असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीला जेवत व एका छपराखाली राहत. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

या बोर्डिंगची चूल पेटती कशी राहिली, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलांच्या जेवणासाठी घरोघर मुष्टिफंडाची प्रथा पाडली गेली. दळणाला बसण्यापूर्वी गृहिणीने मूठभर धान्य वेगळे काढावयाचे, आणि ते साठले म्हणजे बोर्डिंगला द्यावयाचे. मूठभर ज्वारीने कोणाचे घर बुडाले नाही. पण शेकडो मुठींनी शेकडो पोरे शिकली. अडचणीच्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रसुद्धा मुलांच्या पोटासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या त्यागाची कहाणी सातारा जिल्ह्यात आजही घरोघरी सांगितली जाते.

पुढची वाटचाल वर्षावर्षाने पाहावी. १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालय, १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडास सद्गुरु गाडगे महाराज कॉलेज. "कमवा आणि शिका" या तत्त्वाने मुले शेतात राबत, खडी फोडीत आणि शिकत. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. काले गावी लावलेल्या रोपाचा ४० वर्षांत वटवृक्ष झाला; संस्थेचे बोधचिन्हही वटवृक्षच आहे.

या उदाहरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. देवळाला दिलेली देणगी बहुधा एकदा द्यावयाची असते. कळस बसला की मोठे काम पुरे होते. शाळेचे तसे नाही. दर जूनमध्ये नवी पोरे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात आणि काम पुन्हा श्रीगणेशापासून सुरू होते. म्हणून शाळेला एकदाची मोठी देणगी पुरत नाही. तिला दरसालची मूठ लागते. मुष्टिफंडाचे मर्म धान्यात नव्हते, ते रोजच्या नेमात होते.

आता शाळेच्या वार्षिक प्रगतीविषयी. पुष्कळ ठिकाणी वार्षिक अहवाल वाचला जातो तो स्नेहसंमेलनाच्या दिवशी. त्यात पटसंख्या, शिष्यवृत्ती परीक्षेचे यश, खेळांतली ढाल, नव्या खोलीचे उद्घाटन आणि देणगीदारांची नावे असतात. हे सारे असावेच. पहिल्या आलेल्या मुलाचे कौतुक गावाने करावयाचे नाही तर कोणी करावयाचे? पण कसलेला शेतकरी पिकाचा अंदाज बांधावरच्या चार ताटांवरून करीत नाही. तो रानाच्या मधोमध जाऊन पाहतो. शाळेचीही पाहणी तशीच व्हावी. तिसरी-चौथीतील किती मुले दुसरीचे पुस्तक न अडखळता वाचतात? किती जणांना हातच्याची वजाबाकी येते? सातवी झालेल्या किती मुलींचे नाव पुढील वर्षी आठवीच्या पटावर आहे? पावसाळ्यात किती वर्ग गळतात? मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात असतील, तो खरा प्रगतीचा अहवाल.

मुलींच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. शाळा लांब, रस्ता उसाच्या दोन रानांमधून जाणारा, बसची वेळ चुकलेली. एवढ्या कारणावरून वाड्या-वस्त्यांवरील हुशार मुलगी घरी बसते, आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींसाठी एस. टी. ने मोफत पासाची सोय केली आहे. पण पास असून भागत नाही. गाडी शाळेच्या वेळेला आली पाहिजे. त्यासाठी आगारप्रमुखांकडे जाणारे शिष्टमंडळ गावाचेच हवे.

दुसरा प्रश्न या बागायती पट्ट्याचा खास आहे. नीरा डाव्या कालव्याने बारामती तालुक्याच्या या भागात पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसाने सहकारी साखर कारखाने आणले. माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांच्या परिसरात त्यातून शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. हे वैभव ज्यांच्या कोयत्यावर उभे आहे, ते ऊसतोडणी मजूर मात्र दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून बिऱ्हाडासह येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. त्यांची पोरे वाढे गोळा करतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. गावी त्यांचे नाव पटावर असते आणि येथे त्यांच्या हातात पाटी नसते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला वर्षाच्या मध्यावरही शाळेत घ्यावे लागते. जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठविता येत नाही. कायदा आहे, पण कोपीपर्यंत जाऊन "पोराला उद्यापासून शाळेत धाडा" असे सांगणारा माणूस कायद्यात नसतो. तो गावातूनच यावा लागतो. दारी आलेल्या वारकऱ्याला पाणी देणारे गाव दारी आलेल्या पोराला अक्षर नाकारणार नाही.

याच कायद्याने गावाच्या हाती एक साधन दिले आहे: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, तिने शाळेचा विकास आराखडा करावा, अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवावी, असे कायदा सांगतो. पुष्कळ गावी ही समिती सह्यांपुरती उरते. बैठकीस बाई येतात त्या केवळ अंगठ्यापुरत्या, आणि बोलतात त्यांचे यजमान. हे बदलले पाहिजे. ज्या आईला पोराचे दप्तर रोज उघडावे लागते, तिच्याइतकी शाळेची पारख कोणाला आहे?

असे झाले तर काय होऊ शकते, याचा दाखला दूर शोधावयास नको. याच पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगर येथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०२५ साली जागतिक पातळीवरील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत तिने लोकपसंतीचा पुरस्कार मिळविला. मोठ्या मुलाने लहानाला व एका सवंगड्याने दुसऱ्याला शिकवावे, अशी "विषयमित्र" पद्धत तेथे आहे. ती काही लाखो रुपयांची योजना नव्हे. सरकारी शाळा म्हणजे दुय्यम शाळा, असे म्हणून पोरांना दूरच्या शाळेच्या गाडीत कोंबणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. गाव पाठ फिरविते तेव्हा पट घटतो. पट घटला की शिक्षक घटतो. आणि शिक्षक घटला की उरलेलेही पाठ फिरवितात. गरिबाचे पोर तेवढे मागे राहते.

देणगीदार मंडळींना विनंती एवढीच की, ज्या हातांनी देवळाची पावती घेतली, त्याच हातांनी दरसाल शाळेसाठी थोडे बाजूला काढावे. ज्याला पैसा देणे जमत नाही त्याने शनिवारी एक तास द्यावा. सुताराने बाक दुरुस्त करावे, वायरमनने दिवे पाहावेत, सेवानिवृत्त गुरुजींनी मागे पडलेल्या चार मुलांना वाचावयास बसवावे. आणि दरवर्षी यात्रेच्या जमाखर्चाचे वाचन होते त्याच दिवशी, त्याच देवळापुढे, शाळेचा अहवालही वाचला जावा: मिळाले किती, खर्चले किती, आणि वाचावयास शिकले किती. ज्या गावात हा तिसरा आकडा दरसाल वाढत जाईल, त्या गावाच्या देवळात देव सुखाने नांदेल.