हरताळ आणि हातपंप

आर्सेनिकवर एखाद्या कवीनं बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल. मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण या द्रव्याशी माझी ओळख प्रयोगशाळेत नव्हे, भाषेत झाली. 'त्यानं साऱ्या मेहनतीला हरताळ फासला' असं आपण सहज म्हणतो. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. पूर्वी पोथी लिहिताना अक्षर चुकलं, की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई आणि वाळल्यावर वर नवं अक्षर काढी. कसरही मग त्या कागदाच्या वाटेला फारशी जात नसे. संपाचा हरताळ निराळा. तो बाजारपेठेत दुकानांना लागणाऱ्या कुलपांवरून आला.

फारसीत 'जर' म्हणजे सोनं. आपल्या जरीच्या साडीतला जर तोच. या सोनेरी खनिजाला फारसीत 'जर्नीख' म्हणत. तो शब्द ग्रीकांकडे जाऊन 'आर्सेनिकॉन' झाला आणि इंग्रजीतून 'आर्सेनिक' होऊन आपल्याकडे परतला. हरताळाचा तांबडा भाऊबंद म्हणजे मनशीळ. ही खनिजं हवेत भाजली की जी पांढरी पूड मिळते, तो सोमल. आमच्या घरच्या बोलीत त्याला 'संखिया' म्हणत, आणि आजीच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येई.

शुद्ध आर्सेनिक करड्या रंगाचं, ठिसूळ, धातूसारखं चमकणारं. तापवलं तर ते वितळत नाही, त्याची सरळ वाफच होते, आणि हवेत जळताना लसणीसारखा वास सुटतो. सोमलाला मात्र वास नाही, चवही जवळजवळ नाही. म्हणूनच तर शतकानुशतकं तो विष घालणाऱ्यांचा लाडका होता. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पोटातला सोमल काचेवर काळ्या चकचकीत डागाच्या रूपानं दाखवून दिला, तेव्हा कुठे न्यायालयांच्या हाती पुरावा आला.

याच द्रव्यानं माणसं वाचवलीही आहेत. १९१० मध्ये पॉल एर्लिक यांचं साल्व्हर्सन हे आर्सेनिकयुक्त औषध उपदंशावर आलं. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर सोमलाचं इंजेक्शन आजही देतात. चिनी डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला आणि २००० साली अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. आयुर्वेदातल्या समीरपन्नगासारख्या रसौषधीतही सोमल असतो. (ही औषधं कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत, एवढं जाता जाता सांगतो.) आपल्या मोबाइलमधल्या काही चिपांतही गॅलियमच्या जोडीनं आर्सेनिक असतं.

पण मला खरं बोलायचंय ते बंगालच्या पाण्याविषयी. १९७० च्या दशकात तिथली मुलं तळ्यानदीचं पाणी पिऊन जुलाबानं, पटकीनं दगावत होती. उपाय म्हणून युनिसेफसारख्या संस्थांच्या मदतीनं बांगलादेशात गावोगाव हातपंप बसवले गेले. पश्चिम बंगालमध्येही ते वाढत गेले. नितळ, थंडगार पाणी आलं. लोकांनी दुवा दिला. आणि त्याच पाण्यात आर्सेनिक होतं. ते कुणी मिसळलं नव्हतं, कुठल्या कारखान्याचंही नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. जमिनीखाली हवा पोहोचत नाही, तिथे कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगणारे जिवाणू ते बंधन सोडवतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं.

१९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे डाग पाहून हे ओळखलं. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती तर पुढे गावोगाव फिरून पाण्याचे नमुने तपासत राहिले. बांगलादेशात हे उघड झालं १९९३ साली. हे विष सावकाश चढतं. पाचदहा वर्षांनी छातीपाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळेपांढरे ठिपके दिसतात, तळहात-तळपाय खरखरीत, गाठाळ होतात. पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. हा रोग स्पर्शानं पसरत नाही. तरी डागाळलेल्या मुलींची लग्नं मोडली, बायकांना माहेरी धाडलं गेलं. मला कर्करोगाइतकंच हे भयंकर वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाचाही लहानसा अंश. डोळ्यांना ते काय दिसणार? पाणी उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. तपासणी हाच मार्ग. २००० नंतर बांगलादेशात सुमारे ५० लाख हातपंप तपासले. चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. लाल निघाले सुमारे १४ लाख. लाल नळाचं पाणी धुण्याभांड्याला चालतं, पिण्यास्वयंपाकाला नाही. भातपीकही हे विष उचलतं. पाणी शुद्ध असेल तर भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात ते बरंच कमी होतं. मूळचे कुश्तियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोखंडाचा कीस, वाळू आणि कोळसा यांची बादल्यांतली साधी गाळणी केली. २००७ साली तिला दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं; त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी गाळण्या वाटायलाच दिली.

हे बंगालपुरतंच नाही. बिहारच्या भोजपूर आणि उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यातही तेच निघालं. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी, गेल्या शतकाच्या अखेरीस पाण्यात आर्सेनिक सापडलं. तिथे गाळाचा नव्हे, जुन्या खडकाचा दोष.

दीडशे मीटरखालचं पाणी बंगालमध्ये बहुधा सुरक्षित असतं. म्हणून सरकारनं खोल हातपंप बसवायला घेतले. पण २०१६ साली 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या अहवालानं दाखवलं, की गावासाठी मंजूर झालेला पंप कित्येकदा पुढाऱ्याच्या माणसाच्या अंगणात बसतो. तेव्हाही सुमारे दोन कोटी लोक आर्सेनिकचं पाणी पीत होते. जुन्या नळांवरचे लाल-हिरवे रंगही तोवर उन्हापावसात उडून गेले होते.