पुढे एक, मागे भाले



कॉर्नेल वाइल्ड हा हॉलिवूडचा देखणा नट. १९४५ च्या एका चित्रपटात त्याने संगीतकार शोपँ रंगवला आणि ऑस्करचं नामांकन मिळवलं. वीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, हाच माणूस उघड्या अंगाने आफ्रिकेच्या माळावर जिवाच्या आकांताने धावताना दिसला. चित्रपट होता ‘द नेकेड प्रे’. निर्माता तोच, दिग्दर्शकही तोच.

गोष्ट एवढीशी. हस्तिदंतासाठी निघालेल्या शिकाऱ्यांचा म्होरक्या स्थानिक जमातीला भेटी द्यायचं नाकारतो, वर त्यांचा पाणउतारा करतो. मग सगळेच पकडले जातात. बाकीच्यांचे हाल करून जीव घेतात. त्यांच्या वाटाड्याला, म्हणजे वाइल्डला, मात्र कपडे उतरवून पळायला सांगतात. बाण सुटतो. तो पडेल तिथवर मोकळीक, त्यानंतर भालेवाले मागे.

मूळ प्रसंग खरा, पण अमेरिकेतला. १८०८ च्या सुमारास आजच्या मोंटानात जॉन कोल्टर हा बीव्हरच्या कातड्यांसाठी सापळे लावणारा शिकारी ब्लॅकफूट लोकांच्या हाती लागला. त्यांनीही त्याला नागवं करून पळवलं. जवळ आलेल्या एकाला त्याच्याच भाल्याने मारून कोल्टर नदीतल्या ओंडक्यांखाली दडला आणि कित्येक दिवस पायपीट करून गोऱ्यांच्या ठाण्यावर पोचला. वाइल्डने ही गोष्ट आफ्रिकेत नेली. तिथे खर्च कमी येणार होता.

चित्रपटात बोलणं फारच थोडं. आफ्रिकी पात्रं आपल्याच भाषेत बोलतात आणि पडद्यावर खाली तर्जुमा येत नाही. पार्श्वसंगीत म्हणजे तिथलेच ढोल नि गाणी. नायकाला जेवढं कळतं, तेवढंच प्रेक्षकाला. आता पाणी कुठे, हा साप खाता येईल का, एवढ्यावर जीव टांगलेला. गंमत म्हणजे, अशा मुक्या चित्रपटाच्या पटकथेलाही ऑस्करचं नामांकन मिळालं!

सुरुवातीच्या छळाच्या दृश्यांत वसाहतकाळाची नजर उघड दिसते, ते खटकतं. पण पाठलाग सुरू झाला की त्या जमातीची माणसं निव्वळ खलनायक उरत नाहीत. सोबती पडला की ती ऊर फुटेस्तोवर रडतात. पुढे जायचं की परतायचं यावरून आपसांत भांडतात. त्यांचा पुढारी झालेला केन गाम्पू वाइल्डच्या तोडीस तोड उभा राहतो.

या धावपळीने अमेरिकेतल्या दोन शाळकरी भावांना वेड लावलं. पुढे दिग्दर्शक झालेल्या जोएल आणि ईथन कोएन यांनी घरच्या सुपर-८ कॅमेऱ्यावर शेजारच्या मुलाला घेऊन हाच चित्रपट पुन्हा काढला. भाला ईथनच्या हाती होता.