घरची बोली, शाळेची भाषा



१ मे १९६० रोजी मराठी भाषेचे राज्य झाले. त्यासाठी अवघे गिरणगाव रस्त्यावर उतरले होते. पण आम्ही विचारतो, मराठी म्हणजे कुणाची मराठी? आमच्या चाळीत साताऱ्याचा गडी म्हणतो ‘मला’, मालवणचा म्हणतो ‘माका’, जळगावकडचा म्हणतो ‘मले’. तिघं एकाच ताटात जेवतात, कुणाचं अडत नाही.

अडलं ते शाळेत. आमच्यातल्या एकाचं पोर वर्गात म्हणालं, “माका पाणी व्हया.” वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “नीट बोल.” त्या दिवसापासून पोरानं तोंड मिटलं. तहान लागली तरी मागेना!

त्याचं काय चुकलं? काही नाही. आम्ही रात्री खोलीत भिंतीवर खडूनं ओळी मांडल्या: मला, माका, मले. तुला, तुका, तुले. पोर बघत राहिलं आणि एकदम ओरडलं, “मगे ‘आम्हाला’ म्हणजे ‘आमका’!” या शब्दांत पुस्तकात जिथे ‘ला’, तिथे त्याच्या घरी ‘का’. नियम दोन्हीकडे आहे. तो पोराला दाखवला, की पुस्तकाची भाषा परकी राहात नाही.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचली. ती १९५२ साली छापून आली आणि शहाण्यासुरत्यांनी डोक्यावर घेतली. मग आमची बोली अडाणी कशी?

पण कामगारांनो, उलट चूकही करू नका. पुस्तकी मराठी शिकलीच पाहिजे. नोटीस तिच्यात लागते, अर्ज तिच्यात लिहावा लागतो. ती आली नाही, तर कुणीतरी वाचून दाखवील त्यावर अंगठा उठवावा लागतो. त्यात आमची किती माणसं फसली! एका साच्यावरचा कामगार दुसऱ्या साच्यावर गेला, तर नवं शिकतो; पहिल्यावरचा हात काही विसरत नाही. भाषेचंही तसंच आहे.

म्हणून आमचं मागणं एवढंच: गुरुजींनी आधी पोराची बोली ऐकावी, मग आपली शिकवावी. वर्गात कुणी हसलं, तर हसणाऱ्याला थांबवावं. आणि आईबापांनो, पोरांसमोर आपल्या बोलीची लाज धरू नका. घरी ‘माका’ म्हणा, अर्जात ‘मला’ लिहा. दोन्ही मराठीच आहेत, दोन्ही आपल्याच आहेत.

जय महाराष्ट्र!