जळगाव ते मुंबई : ३५५ किलोमीटर, पण किती वेळ?



जळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३५५ किलोमीटर. रेल्वे मनमाड, इगतपुरी, कसारा घाट करत जाते, म्हणून तिचं ४२० भरतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोल पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची वाट काढली, की ३५५ हा आकडा मिळतो. वैमानिक तो सागरी मैलांत सांगतात : १९२. जवळच्या वाटेच्या याच गणितामुळे मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला निघालेलं विमान नकाशावर उत्तरेकडे चढताना दिसतं. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी समोरच्या पडद्यावर ते पाहिलं असेल.

आता वेळ. आपल्याकडे येतं ते एटीआर ७२, पंख्यांचं विमान, ताशी ५००च्या आसपास चालणारं. भागाकार केला तर ४३ मिनिटं येतात. पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, मग मुंबईवर उतरायचा नंबर लागेपर्यंत थांबणं धरलं की तास उलटतो. त्यात आपल्या असोदा गावाहून जळगाव ओलांडून कुसुंब्याच्या विमानतळावर जायचं, चेक-इनची खिडकी तासभर आधी बंद होते म्हणून त्याच्याही आधी पोचायचं, आणि तिकडे सांताक्रूझच्या विमानतळावरून मंत्रालय गाठायचं. चार-साडेचार तास सहज जातात. रेल्वेला सात-आठ लागतात, पण ते रात्रीचे, झोपेतले.

तरी हा हिशेब अपुराच आहे. विमान आठवड्यातून मोजकेच दिवस असेल आणि तुमची कामाची तारीख मंगळवारची, विमान रविवारचं असेल, तर मधले दोन दिवसही प्रवासातच धरायला हवेत. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१२ मध्ये आपलं विमानतळ सुरू झालं. ‘उडान’ योजनेत मुंबईचं विमान आलं डिसेंबर २०१७ मध्ये. ते थांबलं, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे जोडले गेले. या योजनेत सरकार कंपनीची तूट भरून देतं ते तीनच वर्षं. तेवढ्यात प्रवाशांना सवय लागली नाही, तर सेवा टिकणं कठीण. आणि ज्या विमानाचा भरवसा नाही, त्याची सवय लागणार कशी?

भरवसा कसा असतो, ते पाहा. हिवाळ्यात पुण्याच्या लेकीकडे भरताची वांगी पाठवायची तर आपण पिशवीला सुतळी बांधतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये देतो. सकाळी तिच्या दारात वांगी हजर. त्या बसला वेग नाही, पण ती रोज सुटते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे वांगं आजही त्या भरवशावरच गाव सोडतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विमानतळाची इमारत मोठी नंतर करा. आधी मुंबईचं विमान रोज सकाळी जाऊ द्या आणि संध्याकाळी परत येऊ द्या, तेही सलग पाच वर्षं, लागेल ती तूट राज्याने सोसून. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येतील, त्यांच्याकडून हे लिहून घ्या.